नासिकावेध

नासिकावेध : अलंकार घालण्याकरिता नाकपुडीच्या बाहेरील भिंतीस किंवा दोन नाकपुड्यांमधील पडद्यास छिद्र पाडण्याची प्रथा. लोकभाषेत तीस नाक टोचणे किंवा नाक विंधणे असे म्हणतात. महाराष्ट्रात मुलाचे अथवा मुलीचे कान बहुधा बारशाच्या सुमारास म्हणजे बाराव्या दिवशी टोचले जात. या वेदनेची आठवण कोणालाच राहत नाही. नाक मात्र मुलगी जाणती झाल्यावर, पुष्कळदा विवाहापूर्वी, टोचले जाते. त्यामुळे चेहऱ्यावरचा स्मरणात राहणारा पहिला वेध हा बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत नाकाचाच असतो. ही प्रथा अनादी व शास्त्रोक्त आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तथापि उपलब्ध पुरावा पाहता कान टोचण्यास प्राचीन शास्त्राचा आधार आहे व नाक टोचण्यास तसा नाही, असे दिसते. जखमेच्या निगेचे जे ज्ञान प्राचीन वैद्यांनी कानासाठी लिहून ठेवले, ते नाकाच्या बाबतीत सोनार आणि घरातील वृद्ध स्त्रिया यांच्या हाती तोंडी परंपरेने आले. त्यातील काही अंश आजही ग्राह्य आहे, तर काही अपायकारक आहे.

कर्णवेधाचे शास्त्र : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कान टोचणे व तुटलेली कानाची पाळी जोडणे यांना वाहिलेला आहे. बालकाचे कान रक्षणाकरिता व भूषणाकरिता टोचावेत, असे तेथे सांगितले असून त्यासाठी सहावा किंवा सातवा महिना योग्य मानला आहे. बालकास मांडीवर घेऊन खेळण्यांनी रमवावे, वैद्याने डाव्या हाताने कान ओढून धरावा आणि सूर्यप्रकाशात पाळीचा जो भाग पारदर्शक दिसतो तेथे उजव्या हाताने हळूहळू व सरळ वेध करावा, असा विधी आहे. पाळी पातळ असल्यास सुई आणि जाड असल्यास आरा वापरावी; मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान आधी टोचावा, असेही सांगितले आहे. रक्त फार वाहिले व वेदना अधिक झाल्या, तर वेध चुकीच्या जागी झाला असे समजावे. अजाण माणसाने पाळीतील शिरा विंधल्यास ज्वर, दाह, सूज इ. उपद्रव होतात, असा इशाराही त्यात आहे.

या अध्यायात वेधनापेक्षा वेधनानंतरच्या उपचारांचा विचार अधिक तपशिलाने आला आहे. छिद्रात कापसाची वात घालावी, तीवर तेल सोडावे, दर तिसऱ्या दिवशी वात बदलून पहिलीपेक्षा जाड वात घालावी आणि सर्व उपद्रव शमल्यावरच छिद्र मोठे करण्यास आरंभ करावा, असा क्रम आहे. छिद्र वाढविण्यासाठी आघाडा, कडुलिंब, कापूस इ. हलक्या काष्ठांचे तुकडे सांगितले आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सहावा, सातवा वा आठवा महिना सांगून बालक निरोगी असावे व काळ थंडीचा असावा, अशी अट घातली आहे. थंड व कोरड्या दिवसांत जखम चिघळण्याचा संभव कमी असतो, हा अनुभव या अटीमागे असावा.

धर्मशास्त्रात कर्णवेधाला संस्काराचे स्थान मिळाले, ते मात्र काहीसे उशिरा. जुन्या गृह्यसूत्रांत तो बहुधा आढळत नाही; बौधायन गृह्यशेषसूत्रासारख्या नंतरच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो आणि पुढे सोळा संस्कारांच्या काही याद्यांत त्याची गणना होते.

नाकासंबंधी याच अध्यायाच्या अखेरीस जो मजकूर आहे, तो नाक टोचण्याविषयी नसून तुटलेले नाक पुन्हा घडविण्याविषयी आहे. नाकाच्या मापाचे पान घेऊन त्यानुसार गालावरील त्वचा सोडवावी, ती नाकाच्या जागी बसवावी आणि श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, असा तो विधी आहे. या कौशल्याची एक परंपरा महाराष्ट्रात अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकून होती. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या लोकांनी कापले होते. पुण्याजवळील एका कुशल कारागिराने कपाळावरील त्वचा घेऊन ते पुन्हा घडविले. हा वृत्तांत लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात प्रसिद्ध झाला आणि यूरोपातील शल्यविशारदांचे लक्ष त्याने वेधून घेतले. नाक जाणे म्हणजे अब्रू जाणे, ही मराठीतील कल्पना केवळ वाक्प्रचारापुरती नव्हती. नाक कापण्याची शिक्षा प्रत्यक्ष दिली जात असे व ते जोडणारे हातही समाजात होते. एवढ्या सूक्ष्म परंपरेत नाक टोचण्याचा विधी सांगितलेला नाही, ही गोष्ट म्हणूनच लक्षणीय ठरते.

नासिकावेधाची प्राचीनता : भारहूत, सांची व अमरावती येथील शिल्पे, अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि वेरूळची लेणी यांत स्त्रियांच्या अंगावर कर्णभूषणे, हार, मेखला, कंकणे व नूपुर यांची रेलचेल आहे, नाकात मात्र अलंकार दिसत नाही. अमरकोशात कानातील अलंकारांचे अनेक शब्द आहेत, पण नाकातील अलंकाराला शब्द नाही. पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी संस्थेच्या नियतकालिकाच्या १९३८–३९ च्या खंडात नथीच्या प्राचीनतेवर एक विस्तृत लेख लिहिला. नासाभूषणाचे विश्वसनीय उल्लेख इ. स. सु. १००० च्या मागे जात नाहीत, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. अनंत सदाशिव आळतेकर यांनीही हिंदू संस्कृतीतील स्त्रियांच्या स्थानाविषयीच्या आपल्या ग्रंथात (१९३८) प्राचीन भारतात हा अलंकार अज्ञात होता, असे प्रतिपादन केले आहे. सौंदर्यलहरी या स्तोत्रात देवीच्या नाकातील मोत्याचे वर्णन येते. परंतु या स्तोत्राचा कर्ता व काळ यांविषयी विद्वानांत एकमत नाही.

पश्चिम आशियात ही प्रथा फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘उत्पत्ति’ या पुस्तकात अब्राहामाचा सेवक रिबकेला अर्धा शेकेल वजनाची सोन्याची नथ देतो, असा प्रसंग आहे. त्यामुळे नासाभूषण मध्ययुगात पश्चिमेकडून भारतात आले, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. मात्र या मतास मर्यादा आहेत. शिल्पे व कोश यांत प्रामुख्याने नागर व राजाश्रित समाजाचे दर्शन घडते. वनप्रदेशातील जमातींच्या देहभूषणाची साक्ष त्यांतून क्वचितच मिळते. म्हणून नथ इराण-अरबस्तानातून आली, असे ठामपणे म्हणण्यापेक्षा उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या सौभाग्यालंकारांत तिची प्रतिष्ठा मध्ययुगात झाली, एवढे म्हणणे अधिक सुरक्षित होय.

नथ हा शब्द प्राकृतातील ‘णत्था’ (जनावराच्या नाकात ओवलेली दोरी) या शब्दाशी जोडण्यात येतो. मराठीत बैलाच्या नाकातील दोरीस वेसण म्हणतात व एखाद्याला काबूत ठेवणे या अर्थी ‘वेसण घालणे’ असा वाक्प्रचार आहे. या शब्दसंबंधामुळे नथ ही स्त्रीच्या पराधीनतेची खूण होय, अशी टीका होत आली आहे. परंतु शब्दाच्या मुळावरून रूढीचा हेतू ठरविता येत नाही. अलंकाराला लाभलेला अर्थ काळानुसार व समाजानुसार पालटत गेलेला दिसतो.

अलंकारांचे प्रकार : सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्ल याने आईन-इ-अकबरीत स्त्रियांच्या अलंकारांची जी यादी दिली आहे, तीत नथ, बेसर, फुली व लवंग या नासाभूषणांचा समावेश आहे. म्हणजे त्या काळापर्यंत उत्तर हिंदुस्थानात या अलंकारांना स्वतंत्र नावे व घाट प्राप्त झाले होते. महाराष्ट्रात पेशवाईच्या काळात मोत्यांची, मध्ये माणिक वा पाचू बसविलेली नथ प्रतिष्ठित स्त्रियांचा अलंकार बनली. बसऱ्याहून येणारे मोती तीत विशेष पसंत केले जात. महाराष्ट्रीय स्त्री ती सामान्यतः डाव्या नाकपुडीत घालते. रोजच्या वापरासाठी चमकी किंवा मोरणी, तर सणासमारंभात नथ, अशी विभागणी आढळते. दोन्ही नाकपुड्यांमधील पडद्यात घालावयाच्या लोंबत्या अलंकारास बुलाक म्हणतात. तो हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश, नेपाळ व काही आदिवासी समाज यांत अधिक प्रचलित आहे. कानाच्या वरच्या कडेला स्त्रिया बुगडी घालीत व पुरुष भिकबाळी घालीत. हे वेध कूर्चेतून होत असल्याने पाळीच्या वेधापेक्षा त्यांना भरून येण्यास पुष्कळ अधिक काळ लागतो.

पूर्व विदर्भ : नथीच्या पुणेरी प्रतिमेवरून साऱ्या महाराष्ट्राची कल्पना करणे योग्य नव्हे, हे राज्याच्या पूर्व टोकाकडे पाहिले असता स्पष्ट होते. दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील गाव मुंबई–हावडा लोहमार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत वसलेले आहे. हा भाग ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी नव्या गोंदिया जिल्ह्यात समाविष्ट झाला. दाट वन, भातशेती आणि तळी हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य. दरेकशाजवळील कचारगडच्या गुहा गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे भरणाऱ्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण इ. राज्यांतून भाविक येतात. मराठीची झाडीबोली, गोंडी, पोवारी व छत्तीसगडी या बोलींचा येथे शेजार आहे.

या सीमाप्रदेशात अलंकारांची परंपराही मिश्र आहे. छत्तीसगडीत नाकातील लहान चकतीसारख्या अलंकारास फुली म्हणतात. अबुल फज्लच्या यादीतील हा शब्द पुण्याच्या वाड्यापेक्षा येथील खेड्याला जवळचा आहे. धातूंमध्ये सोन्याहून चांदी, पितळ, कासे व गिलट यांचा वापर पूर्वापार अधिक होता. धातूच्या दागिन्यापेक्षाही गोंड स्त्रीच्या लेखी गोंदणाचे मोल मोठे होते. दागिने चोरीस जातात, गहाण पडतात आणि मृत्यूनंतर मागेच राहतात. गोंदण तेवढे बरोबर येते, अशी श्रद्धा या समाजात आढळते. वेधन व गोंदण या दोन्ही प्रथांत देहावर जखम करून ती खूण म्हणून सांभाळली जाते. मात्र गोंदणाची जखम बुजू द्यावयाची असते, तर वेधाची जखम न बुजता बरी व्हावी लागते. वेधाच्या निगेतील सारी अडचण या एका भेदात आहे.

मध्य प्रांतातील जाती-जमातींवर रॉबर्ट व्हेन रसेल व रायबहादुर हिरालाल यांनी सिद्ध केलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोनारांच्या प्रकरणात कान टोचण्याच्या प्रथेची चर्चा आहे. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नवजात मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढविण्याची चाल भारताच्या अनेक भागांत होती. नथू, नथ्थू यांसारखी पुरुषनामे तीतून आली. दगडू, धोंडू, कचरू ही नावेही याच जातीची होत. मूल मोलाचे नाही असे भासवून मृत्यूची दृष्टी चुकवावी, ही त्यामागील कल्पना. बालमृत्यू ही जेथे घरोघरची घटना होती, तेथे नाकातील छिद्र शोभेसाठी नसून आईबापांच्या भीतीची खूण होती. सुश्रुतसंहितेने कर्णवेधाचा पहिला हेतू म्हणून रक्षण सांगितले आहे, तो या दृष्टीने अर्थपूर्ण वाटतो. परंतु ज्या सुईने मुलाचे रक्षण व्हावे अशी अपेक्षा होती, तीच अस्वच्छ असल्यास धनुर्वाताला वाट मिळत असे, हा या चालीतील दुर्दैवी विरोधाभास होय.

सामाजिक अर्थ : महाराष्ट्रीय हिंदू समाजात नथ हा सौभाग्यालंकार मानला गेल्याने वैधव्य येताच कुंकू, बांगड्या व मंगळसूत्र यांच्याबरोबर नथही उतरविण्याची रूढी पडली. नाकातील छिद्र मात्र राहत असे. एकोणिसाव्या शतकापासून समाजसुधारकांनी विधवांच्या विरूपीकरणाविरुद्ध चळवळी केल्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला व त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे, असे आवाहन केले. छिद्र न पाडता घालता येणाऱ्या दाबाच्या नथींमुळे नथ व वेध यांची पूर्वीची अपरिहार्य सांगडही सुटली आहे. आज नथ घालणारी प्रत्येक वधू नाक टोचलेली असतेच असे नाही आणि नाक टोचणारी प्रत्येक मुलगी विवाहाच्या विचाराने ते टोचते असेही नाही.

डाव्या नाकपुडीचा गर्भाशयाशी संबंध असून ती टोचल्यास प्रसूती सुलभ होते, असे अनेकदा सांगण्यात येते. सुश्रुतसंहितेतील वेधनविषयक अध्यायात याला आधार नाही आणि आधुनिक शरीरशास्त्रातही असा संबंध ज्ञात नाही.

वेधनाची रीत : परंपरेने हे काम सोनाराचे. सोन्याची वा चांदीची बारीक तार टोकाला तीक्ष्ण करून तीच नाकपुडीतून आरपार काढावयाची व तिला पीळ देऊन कडी करावयाची, ही जुनी रीत होय. सुई आणि अलंकार एकच असल्याने जखमेत दुसरी वस्तू पुन्हा घालावी लागत नसे, हा तिचा गुण. तार, पक्कड व हात निर्जंतुक करण्याची कल्पना तिच्यात नव्हती, हा तिचा दोष. यात्रा व आठवडी बाजार यांत एकाच साधनाने लागोपाठ अनेकांना टोचले गेल्यास कावीळ ‘ब’ व ‘क’ तसेच एचआयव्ही यांचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाब देऊन खडा बसविणारी बंदूक प्रचारात आली. ती जलद असली, तरी तिच्यातील बोथट खडा ऊतक कापण्याऐवजी चिरडतो. शिवाय तिचे प्लॅस्टिकचे भाग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाहीत. म्हणून नाक व कानाची कूर्चा यांसाठी ती अयोग्य समजली जाते. एकदाच वापरावयाची पोकळ निर्जंतुक सुई, नवे हातमोजे आणि निर्जंतुक केलेला अलंकार ही आज मान्य असलेली पद्धत होय.

जखम व तिची निगा : टोचल्यानंतर तयार होते ती दोन्ही बाजूंना उघडी असलेली एक सूक्ष्म नळी. तिच्या आतील बाजूने नवी त्वचा दोन्ही टोकांकडून मध्याकडे वाढत जाते. म्हणून छिद्र बाहेरून भरलेले दिसत असले, तरी आत ते दीर्घकाळ कच्चे असते. कानाच्या पाळीचा वेध सु. ६ ते ८ आठवड्यांत भरतो. नाकपुडीच्या वेधास साधारणपणे २ ते ४ महिने व कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. कानाच्या कूर्चेतील वेधास अनेक महिने, प्रसंगी वर्षही लागते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, हे या विलंबाचे कारण होय.

पहिले काही दिवस थोडी सूज, लाली व दुखरेपणा असणे स्वाभाविक आहे. पांढरट-पिवळसर पातळ द्रव स्रवून त्याची खपली धरते; हा पू नव्हे. दिवसातून दोनदा साबणाने हात धुऊन निर्जंतुक क्षारजलाने ही खपली भिजवून अलगद पुसावी. तयार क्षारजल न मिळाल्यास एक लिटर पाणी उकळून त्यात सु. ९ ग्रॅम मीठ विरघळवावे व ते गार झाल्यावर रोज ताजे वापरावे. अलंकार सारखा फिरवीत राहावा, हा जुना उपदेश आता त्याज्य ठरला आहे. फिरविल्याने नळीतील कोवळी त्वचा फाटते व खपलीतील जंतू आत ओढले जातात. स्पिरिट व हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर नवी त्वचाही मरते.

हळद व खोबरेल तेल लावण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे. हळदीत जंतुरोधक गुण प्रयोगशाळेत आढळले असले, तरी स्वयंपाकघरातील हळदपूड निर्जंतुक नसते. तेलाच्या थरात धूळ चिकटून छिद्राचे तोंड बुजते. राख, माती अथवा शेण यांचा स्पर्श तर कटाक्षाने टाळावा. धनुर्वाताचे बीजाणू माती व शेण यांत दीर्घकाळ टिकून राहतात. छिद्र बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी घालण्याची पद्धत सुश्रुतसंहितेतील काष्ठांची आठवण करून देते. कानफाट्या नाथपंथी साधूंच्या दीक्षेतही कान चिरल्यानंतर कडुलिंबाची काडी घालीत. यांतील हलकी व निरुपद्रवी वस्तू छिद्रात ठेवण्याचे तत्त्व योग्य आहे. काडीचा खरखरीतपणा व तिच्यावरील जंतू हे मात्र अपायाचे. तिची जागा आता गुळगुळीत धातूने घेतली आहे.

पहिला अलंकार हलका व निकेलविरहित असावा. टायटॅनियम किंवा चांगल्या प्रतीचे सोने यासाठी योग्य होय. स्वस्त दागिन्यांतील निकेलमुळे त्वचेस खाज व पुरळ येते आणि ही अधिहर्षता एकदा निर्माण झाली, की बहुधा आयुष्यभर राहते. आधी तार, मग चमकी व छिद्र पूर्ण भरल्यावरच नथ, हा जुना घरगुती क्रम या दृष्टीने शहाणपणाचा आहे. नव्या छिद्रात जड नथ घातल्यास ते लांबते, प्रसंगी फाटते.

लाली पसरत जाणे, जागा गरम लागणे, दाट हिरवट वा दुर्गंधीयुक्त पू येणे व ताप चढणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. अशा वेळी जागा दाबू वा पिळू नये. चेहऱ्याच्या मध्यभागातील शिरांचा मेंदूलगतच्या शिरांशी संबंध असल्याने तेथील संसर्ग क्वचित गंभीर रूप धारण करतो. अलंकारही स्वतः काढून टाकू नये, कारण छिद्राचे तोंड मिटून पू आत कोंडला जातो. डॉक्टरांकडे जाणे हाच योग्य मार्ग होय. ज्यांच्या कुटुंबात व्रणग्रंथी वाढण्याची प्रवृत्ती आहे किंवा ज्यांना जन्मजात हृदयविकार वा मधुमेह आहे, त्यांनी टोचण्यापूर्वीच सल्ला घ्यावा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. अशा रुग्णांत साध्या संसर्गानेही तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यामुळे त्यांच्या बाबतीत उपचारास विलंब करू नये.

धनुर्वाताविरुद्धची लस १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातून देशभर देण्यात येऊ लागली. सध्याच्या वेळापत्रकानुसार बालपणातील मात्रांनंतर १० व १६ या वर्षी धनुर्वात-घटसर्प लसीच्या मात्रा दिल्या जातात. माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताच्या बाबतीत २०१५ मध्ये मान्य करण्यात आले. तरीही टोचण्यापूर्वी मुलीच्या लशी पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हे पाहणे आवश्यक आहे. पावसाळ्यात भाताच्या रोवणीच्या चिखलात हात असताना नाक टोचणे टाळावे व थंडीचे कोरडे दिवस निवडावेत. येथे वाग्भटाची सूचना व आजचा विचार एकत्र येतात.

आधुनिक काळ : १९६० नंतर भारतात येऊन गेलेल्या पाश्चात्त्य तरुणांमुळे नाकातील खडा यूरोप-अमेरिकेत पोहोचला व पुढे तेथील बंडखोर युवकसंस्कृतीची ती एक खूण बनला. परदेशस्थ भारतीय कुटुंबांत त्याला निराळे महत्त्व आले. दक्षिण आफ्रिकेतील डरबन गर्ल्स हायस्कूल या शाळेने भारतीय वंशाच्या एका विद्यार्थिनीस नाकातील खडा घालण्यास मनाई केली असता, तो वाद त्या देशाच्या संविधान न्यायालयापर्यंत गेला. खडा घालणे ही तिच्या धर्माची सक्तीची आज्ञा नव्हती, हे मान्य करूनही न्यायालयाने २००७ मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला. स्वेच्छेने पाळलेल्या सांस्कृतिक रीतीसही संरक्षण मिळाले पाहिजे, असे त्या निर्णयाचे सूत्र होते.

नासिकावेधाच्या इतिहासाला हे सूत्र विशेष लागू पडते. ही प्रथा वेदकालीन नाही व शास्त्राने ती कोणावर लादलेली नाही. तिचे मूल्य तिच्या कल्पित प्राचीनतेवर अवलंबून नसून, ती पत्करणाऱ्या स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून आहे. कानाचा वेध बालकाच्या नकळत होतो; नाकाचा वेध मुलीला विचारून करता येतो. विचारून केलेल्या या वेधाला निर्जंतुक सुई, पूर्ण झालेले लसीकरण आणि काही महिन्यांची संयमी निगा यांची जोड मिळाली, तर सुश्रुताने कानासाठी सांगितलेली दक्षता नाकालाही लाभेल.